मालवणच्या खडपातलं निळं पिल्लू: नवी नोंद म्हणता येईल का?

भरती_ओहोटी

नमस्कार मंडळी. पुण्यात बसून समुद्राचा धागा काढते आहे, पण इथे मासे ओळखणारी, पाळणारी आणि पकडणारी अशी सगळी माणसं आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला डायव्ह केला. स्कूबा शिकून तीन वर्षं झाली, मालवणची ही नववी खेप. खोली सहा मीटरच्या आसपास. पाणी अजून पुरतं निवळलं नव्हतं, तीन-चार मीटरपलीकडे सगळं हिरवट धूसर. तिथे एका मोठ्या खडपाच्या पोटात आडवी कपार आहे. कपारीच्या तोंडाशी कालवांची टरफलं चिकटलेली आणि आत लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन दाटीवाटीने बसलेले. त्या काट्यांच्या मागे काहीतरी निळं हललं.

मी तिथेच थांबले, श्वास अगदी संथ केला. मिनिटभराने एक पिल्लू बाहेर आलं. माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढं. अंग गर्द निळं, जवळजवळ काळं, आणि त्यावर पांढऱ्या आणि फिक्या निळ्या बारीक रेघा, एकाआड एक. कपारीच्या तोंडापर्यंत यायचं, आडवं व्हायचं, माझ्याकडे बघायचं आणि परत काट्यांमागे. घरी नवे पाहुणे आले की लहान मूल दाराआडून जसं करतं, अगदी तसं. तीन फोटो आणि ११ सेकंदांचा व्हिडिओ मिळाला. फोटो खाली जोडले आहेत.

पुण्याला आल्यावर शोधाशोध केली. माझ्या मते हे एम्परर एंजलफिशचं पिल्लू आहे, शास्त्रीय नाव पोमॅकँथस इम्परेटर. लक्षद्वीपच्या प्रवाळात हा मासा आहे. मालवणच्या माशांच्या ज्या याद्या माझ्या हाती लागल्या त्यांत तो नाही. मग ही आपल्या किनाऱ्यासाठी नवी नोंद होईल का? कुणाला कळवायचं, काय पुरावा लागतो? माझं नाव कुठे यावं म्हणून विचारत नाही. खरंच नवीन असेल तर ते माझ्या लॅपटॉपमध्ये पडून राहू नये, एवढंच मनापासून वाटतं.

कांदेपोहे_सकाळचे

वाचूनच अंगावर काटा आला. पण फोटो दिसत नाहीयेत.

भरती_ओहोटी

परत जोडले. आता दिसतायत का?

कांदेपोहे_सकाळचे

दिसले! काय देखणं पिल्लू आहे.

खाऱ्या_पाण्याची_टाकी

अभिनंदन, असं पिल्लू पाण्याखाली दिसणं हे भाग्य आहे. पण नावाची घाई करू नका. मी चिंचवडला बारा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो आहे आणि या घराण्यातल्या पिल्लांनी भल्याभल्यांना फसवलेलं बघितलं आहे.

फुलपाखरू मासा नाही, एंजलफिशच आहे, एवढं पहिल्या फोटोवरून नक्की. गालाच्या खाली कल्ल्याच्या झाकणाला मागे वळलेला काटा दिसतो आहे, तो फुलपाखरू माशांना नसतो. पण निळ्या अंगावर पांढऱ्या रेघा असलेली पिल्लं या घराण्यात एकाहून जास्त जातींची असतात. आपल्या बाजूच्या समुद्राचा विचार करता तीन नावं समोर ठेवायला हवीत. इम्परेटरच्या पिल्लाला वर्तुळं असतात, शेपटीकडे एक पूर्ण बंद कडं आणि त्याभोवती मोठी होत जाणारी वर्तुळं, पाण्यात खडा टाकल्यासारखी. सेमीसर्क्युलेटसच्या रेघा अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या. तिसरा ॲन्युलॅरिस, त्याच्या रेघा जवळजवळ उभ्या, किंचित मागे झुकलेल्या.

तुमच्या तिन्ही फोटोंत शेपटीकडचा भाग सावलीत आहे आणि पिल्लू वळलेलं आहे. बंद कडं आहे की नाही, हेच नेमकं दिसत नाही. व्हिडिओ चढवता आला तर बघा.

दुसरी गोष्ट. समजा इम्परेटर निघालाच, तरी तो तिथे कसा आला हा प्रश्न उरतो. हा मासा टाक्यांसाठी जगभर विकला जातो. कुणी नेऊन सोडला असेल तर ती नोंद वेगळ्या प्रकारची होते.

गळ_आणि_गप्पा

टाकीतला मासा समुद्रात कोण नेऊन सोडेल? काहीच्या काही वाटतं.

खाऱ्या_पाण्याची_टाकी

सोडतात हो. टाकी लहान पडते, बदली होते, मुलांचं मन भरतं, आणि मारवत नाही म्हणून लोक मासा जवळच्या पाण्यात सोडून देतात. त्यांना ते पुण्य वाटतं. उजनीच्या कोळ्यांना विचारा, जाळ्यात सकर मासा येतो तो कुठून आला. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, टाकीची काच साफ ठेवतो म्हणून आणलेला. अंगावरच्या खरखरीत चिलखताने जाळी फाटतात आणि बाजारात कुणी घेत नाही.

समुद्रातलं उदाहरण लायनफिशचं. मासा आपल्या हिंदी-प्रशांत महासागराचा. १९८५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळ दिसला. पुढे सगळ्या कॅरिबियनमध्ये पसरला आणि तिथले लहान मासे फस्त करू लागला. टाक्यांमधून सुटलेले किंवा सोडलेले मासे हेच त्याचं कारण मानतात.

मालवणी_माहेर

माझं माहेर मालवणचं, दांडीच्या बाजूचं. आता पंधरा वर्षं वारज्यात. बाबा गळाने मासेमारी करायचे, आता वय झालं. तुमचा फोटो त्यांना मोबाईलवर पाठवला. लगेच फोन आला. म्हणाले, "ता पिल्लू आसा गो. मोठा झाला की रंग बदलता, कानाकडे निळा कडा दिसता."

मी विचारलं, नाव काय म्हणता याला? तर म्हणाले नाव असं नाही, रंगीत मासा. बाजारात याला गिऱ्हाईक नाही, मग वेगळं नाव कोण ठेवणार? तांबोशी, गोबरो, शेंगटी यांना नावं आहेत कारण ती टोपलीत जातात.

गळ_आणि_गप्पा

म्हणजे खात नाहीत हा मासा?

मालवणी_माहेर

आमच्या घरी कधी नाही शिजला. इतर कुणाचं सांगू शकत नाही.

निवृत्त_प्राणिशास्त्र

धागा दोनदा वाचला. पस्तीस वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नोंद म्हणजे काय? मी पाहिलं हे माझ्यापुरतं खरं असतं. नोंद म्हणायची तर मी नसताना, पन्नास वर्षांनी, माझ्यावर अजिबात विश्वास नसलेल्या माणसालाही ते तपासता आलं पाहिजे. म्हणून पूर्वीपासून नमुना जपण्याची पद्धत आहे. मासा फॉर्मलिनमध्ये स्थिर करायचा, मग अल्कोहोलमध्ये ठेवायचा, सोबत चिठ्ठी: कुठे, कधी, किती खोलीवर, कशाने पकडला, कुणी पकडला. पंखांतले काटे मोजता येतात, खवले मोजता येतात, ऊतीचा तुकडा आधीच वेगळा ठेवला असेल तर डीएनएही तपासता येतो. आपल्या पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तुम्ही पुण्यात राहता, त्यामुळे त्या दारापर्यंत जाणं तुम्हाला मालवणच्या माणसापेक्षा सोपं आहे.

पण इथे एक गोष्ट ठासून सांगतो. हे पिल्लू पकडायला जाऊ नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झालं आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय तिथून नमुना उचलता येत नाही, आणि खडक घडवणारी प्रवाळं तर त्या कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहेत. अभ्यासासाठी म्हणून शेपटीचा तुकडा कापून आणणं हेही त्यातच आलं.

मग नुसत्या फोटोला किंमत नाही का? आहे, आणि मोठी आहे. सीलाकँथची गोष्ट आठवा. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असं मानलेला मासा १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका ट्रॉलरवर सापडला. मार्जोरी कोर्टने-लॅटिमर या तिथल्या छोट्या संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनी तो ओळखून बाजूला काढला, स्वतः चित्र काढून प्राध्यापक स्मिथना पाठवलं. मासा कुजत चालला होता, हाती राहिलं ते कातडं आणि ते चित्र. पुढे १९९७ मध्ये इंडोनेशियात सुलावेसी बेटावर मार्क एर्डमन आणि अर्नाझ मेहता हे नवं जोडपं मासळी बाजारात हिंडत होतं, त्यांना हातगाडीवर सीलाकँथ दिसला. फोटो काढला, मासा विकला गेला. त्या एका फोटोमुळे तिथल्या कोळ्यांकडे विचारपूस सुरू झाली, १९९८ मध्ये प्रत्यक्ष मासा हाती आला आणि १९९९ मध्ये ती वेगळी जात म्हणून जाहीर झाली. तिथल्या कोळ्यांना मासा आधीपासून माहीत होता, त्यांच्याकडे त्याला नावही होतं.

बाजारावरून आठवलं. आमचे विद्यार्थी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून नमुने आणायचे आणि वहीत लिहायचे, "स्थळ: कोकण किनारा". मी तो कागद परत करायचो. गणेश पेठेत रत्नागिरीचा ट्रक येतो, गुजरातचा येतो, पूर्व किनाऱ्यावरूनही माल येतो. बर्फाच्या पेटीतून निघालेल्या माशाला गाव नसतं. तुमचा मासा मात्र त्याच्या घरात, त्याच्या कपारीत दिसला आहे. म्हणून मला पुढचं विचारायचं आहे. "किल्ल्याच्या मागे" म्हणजे नेमकं कुठे?

भरती_ओहोटी

सर, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. नेमकं कुठे हे सांगता येत नाहीये याचीच खंत आहे. बोटीवरून उतरलो तेव्हा जीपीएस घेतला नाही. किल्ला आणि किनारा यांच्या अंदाजाने फार तर दीड-दोनशे मीटरच्या गोलात बोट ठेवता येईल. तारीख, वेळ आणि खोली मात्र डायव्ह कॉम्प्युटरमध्ये आहे.

आज रात्री व्हिडिओ नीट बघते.

पाण्याखालचा_पुणेकर

आकाराबद्दल एक. मास्कमधून बघताना वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते, कारण पाणी आणि हवा यांत प्रकाश वाकतो. नवखे डायव्हर वर येऊन सांगतात तो मासा नेहमी मोठाच असतो. शेजारी काहीतरी माप हवं. तुमच्या तिसऱ्या फोटोत हातमोज्याचं बोट कपारीच्या काठावर दिसतंय, पिल्लू जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. त्यावरून मोजा.

आणि रंगावर फार जाऊ नका. पाच-सहा मीटरवरच लाल रंग बराचसा विरून गेलेला असतो, कॅमेऱ्याला सगळं निळं-हिरवंच दिसतं. टॉर्च मारला होता का?

जाता जाता मनातलं. मी दर मोसमात जातो. एका व्यावसायिकाच्या बोटीवर यंदाही पाव घेऊन पाण्यात उतरवत होते. पाव कुस्करला की पट्ट्यापट्ट्यांचे सार्जंट मासे तोंडाभोवती झुंबड करतात, पर्यटकाचा व्हिडिओ झकास होतो. पण त्या झुंबडीत बाकी मासे दूर जातात, आणि पहिल्यांदा उतरलेला माणूस तोल सावरायला प्रवाळावर पाय देतो. टर्बिनेरियाची ती पानासारखी प्रवाळं किती सावकाश वाढतात, आणि एका टाचेने कड तुटते. मी त्या दिवशी बोटीवर हात जोडून सांगितलं. एकदोघांनी ऐकलंसुद्धा.

कांदेपोहे_सकाळचे

हे माहीत नव्हतं. आम्ही मागच्या वर्षी पाव दिलाय. पुन्हा नाही देणार.

भरती_ओहोटी

झालं. उत्तर मिळालं.

जेवणं आटोपल्यावर व्हिडिओ टीव्हीला जोडला. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ११ सेकंदांत ६६०. एकेक पुढे सरकवत बसले. पहिल्या निम्म्यात पिल्लू माझ्याकडे तोंड करूनच आहे. मग ते वळतं, आणि चारशेच्या पुढे सातआठ फ्रेम अशा आहेत की ते पूर्ण आडवं आहे आणि कपारीच्या वरून येणारा उजेड त्याच्या मागच्या अंगावर पडला आहे.

रेघा गोल नाहीत. उभ्या आहेत. पाठीकडून पोटाकडे जवळजवळ सरळ उतरतात आणि जरा मागे झुकतात. शेपटीच्या मुळाशी बंद कडं नाही. आणि शेपटी! फोटोत ती दिसत नव्हती कारण ती जवळजवळ काचेसारखी आहे. एका फ्रेममध्ये तिच्यातून पलीकडचा अर्चिनचा काटा आरपार दिसतो, काळी बारीक रेघ. मी आधी तीही माशाचीच रेघ समजले होते. फोटोत पिल्लू वळलेलं होतं, अंग वाकलं की सरळ रेघाही वाकतात, आणि मला वर्तुळ बघायचं होतं म्हणून वर्तुळ दिसलं.

हातमोज्याच्या बोटावरून लांबी काढली, चार सेंटीमीटरच्या आत-बाहेर. टॉर्च मारला नव्हता.

म्हणजे हा पोमॅकँथस ॲन्युलॅरिस, ब्लू रिंग एंजलफिश, आणि तो आपल्या किनाऱ्याला नवा नाही. मी स्वतः मोठा ॲन्युलॅरिस मालवणला दोनदा बघितला आहे: तपकिरी-नारिंगी अंग, त्यावर मागे चढत जाणाऱ्या निळ्या कमानी, पांढरी शेपटी, कल्ल्याच्या वर निळं कडं. दोन्ही एकच, हे डोक्यातच आलं नाही.

मालवणी_माहेर ताई, तुमच्या बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कानाकडे निळा कडा". ते वाचून मी पुढे गेले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

खरं सांगते, रात्री वाईट वाटलं. तीन आठवडे मनात घर केलं होतं त्या इम्परेटरने.

खाऱ्या_पाण्याची_टाकी

फ्रेम बघितल्या. ॲन्युलॅरिसच, शंका नको. वाईट वाटून घेऊ नका, दुकानातही पेटीवर एक नाव आणि आत दुसरंच पिल्लू असं होतं.

मालवणी_माहेर

बाबांना वाचून दाखवलं. खूश झालेत, पण नमस्कार कशाला म्हणतायत.

निवृत्त_प्राणिशास्त्र

तुम्ही एकट्या नाही फसलात. इम्परेटर आणि ॲन्युलॅरिस या दोन्ही जातींना शास्त्रीय नाव दिलं बर्लिनच्या ब्लॉख या डॉक्टरांनी, १७८७ मध्ये. त्यांच्यापुढे होते ते मेलेले मासे, रंग उडालेले. पुढे १८०१ मध्ये ब्लॉख आणि श्नायडर यांच्या नावाने जो ग्रंथ आला त्यात इम्परेटरच्या पिल्लाला निकोबार बेटांवरून नाव देऊन वेगळी जात म्हणून नोंदवलं गेलं. पिल्लू आणि आईबाप दोन जाती झाल्या! जिवंत पिल्लू रंग बदलताना बघितल्याशिवाय हे कळणार तरी कसं?

आता मुद्द्याचं. नवी जात नाही म्हणून तुमची नोंद निकामी झाली असं मला अजिबात वाटत नाही. उलट मला ती आता जास्त मोलाची वाटते. याद्यांत नाव असतं, "आढळतो" एवढंच. किती मोठा, कोणत्या महिन्यात, किती खोलीवर, कशाच्या आडोशाला, हे क्वचित लिहिलेलं असतं. तुमच्याकडे नोव्हेंबरअखेर, सहा मीटर, अर्चिनांच्या काट्यांत, चार सेंटीमीटरचं पिल्लू, एवढं सगळं आहे.

हे पिल्लू कुठून आलं असेल याचा विचार करा. एंजलफिशची अंडी पाण्यात मोकळी सुटतात, अळ्या काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात आणि मग खडप गाठून स्थिरावतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. त्यामुळे चार सेंटीमीटरचं पिल्लू दिसलं म्हणून मासे मालवणलाच अंडी घालतात असं म्हणता येत नाही. ते उत्तरेकडून पावसाळ्यात आलं असेल, किंवा इथल्याच जोडीचं असेल. पण दर महिन्याला कुणीतरी त्याच कपारींत डोकावून लांबी लिहून ठेवली, कर्नाटकात नेत्राणीला आणि गोव्यात ग्रँड बेटाजवळ डुबणाऱ्यांनीही तेच केलं, तर पाच-सहा वर्षांत यातलं काही उलगडेल. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं हा मोठा खड्डा आहेच.

खरोखर नवा मासा येईल तेव्हाही हेच लागणार आहे. समुद्र तापतो आहे, मासे सरकत आहेत असं आपण सगळे म्हणतो. पण आधी इथे काय होतं हे लिहिलेलंच नसेल तर आज दिसलेला मासा काल आला की शंभर वर्षं इथेच होता, हे कोण आणि कशावरून सांगणार?

गळ_आणि_गप्पा

सर, हे वाचून एक शंका. पुढे खरंच नवा मासा दिसला तर आपल्यासारख्यांनी पहिल्यांदा काय करायचं?

निवृत्त_प्राणिशास्त्र

डाव्या बाजूचा, डोकं डावीकडे असलेला, पूर्ण आडवा फोटो मिळवायचा. मग जमल्यास उजव्या बाजूचा. पंख उघडे असताना एखादा मिळाला तर सोनं. शेजारी मापाला काहीतरी. वर आल्याबरोबर, चहाच्या आधी, वहीत लिहायचं, कारण संध्याकाळपर्यंत मासा मनात मोठा आणि रंगीत झालेला असतो. मूळ फोटो आहे तसाच ठेवायचा, त्यावर रंगसफेदी करायची नाही. आणि नाव ठरवायच्या आधी त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कोण, हे शोधायचं. तुमच्या धाग्यात टाकीवाल्यांनी पहिल्या दिवशी हेच केलं.

पाण्याखालचा_पुणेकर

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तारीख, जागा आणि फोटो असला आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद अभ्यासाच्या दर्जाची ठरते. नोंद इतरांना वापरू देण्याचा परवाना योग्य ठेवला तर ती पुढे जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या साठ्यात जाते आणि जगात कुणालाही उतरवून घेता येते. जागाही नीट टाका म्हणजे पुढच्या मोसमात आमच्या गटालाही ते खडप बघता येईल.

खाऱ्या_पाण्याची_टाकी

जागा उघडी टाकू नका, कळकळीची विनंती. या पिल्लांना बाजार आहे. मी त्याच बाजाराचं गिऱ्हाईक आहे, म्हणून सांगतो. कपार कळली की कुणीतरी जाळी घेऊन उतरेल. आयनॅचरलिस्टवर जागा धूसर ठेवायची सोय आहे, लोकांना फक्त मोठा चौकोन दिसतो, खरी जागा तुमच्याकडे राहते.

आणि हो, या धाग्यानंतर मी समुद्रातून पकडलेला मासा घेणं थांबवायचं ठरवलं आहे. क्लाउनफिश टाकीत वाढवलेले मिळतात, तेवढे पुरे.

पाण्याखालचा_पुणेकर

पटलं. माझी सूचना मागे घेतो.

भरती_ओहोटी

टाकली नोंद. धूसर जागेसह. तारीख, वेळ, खोली, लांबी, अर्चिन, सगळं लिहिलं. व्हिडिओतल्या त्या आठ फ्रेम जोडल्या. "नेमकं स्थळ" या माझ्या वहीतल्या रकान्यात मात्र अजून "किल्ल्याच्या मागे" एवढंच आहे, ते बघून चुकल्यासारखं वाटतं.

आधीच्या आठ खेपांचे फोटोही उघडून बसले आहे. हजारभर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच माशांना मी "छान पिवळा", "पट्टेवाला" असली नावं देऊन ठेवली आहेत. रोज वीस बघायचे असं ठरवलं आहे.

मालवणी_माहेर

उशिरा लिहितेय. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे पुण्यातच केलं, पंधरा दिवस आमच्याकडेच होते. काल पट्टी निघाल्यावर म्हणाले, त्या बाईंचा मासा आता नीट दाखव. तुमचा व्हिडिओ टीव्हीवर लावला.

मासा त्यांनी बघितला न बघितल्यासारखा केला. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, परत लाव. परत लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर कपारीच्या वरचा तो दोन फुटलेल्या ओठांसारखा भाग आहे ना, तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्या खडप माझ्या वळखीचा. शिनाणे हंयसरच गावत." तरुणपणी ते आणि काका तिथे बुडी मारून शिनाणे, म्हणजे खडपाला चिकटलेले शिंपले, काढायचे. ओहोटीला होडी कुठे लावायची, किल्ल्याचा कोणता बुरूज कशाच्या रेषेत आला की नांगर टाकायचा, सगळं सांगितलं. त्या खडपाला नाव आहे, त्याच्या शेजारच्या दोन्हींनाही आहे.

नाव इथे लिहीत नाही, टाकीवाल्या दादांचं म्हणणं पटलंय. तुम्हाला खासगी निरोपात पाठवलं आहे, बाबांनी सांगितलेल्या रेषांसकट. सरांना हवं असेल तर तुम्ही द्या.

निवृत्त_प्राणिशास्त्र

वा! ताई, त्यांच्या शेजारी वही घेऊन बसा आणि जेवढ्या खडपांची नावं आठवतील तेवढी लिहून घ्या. डोळ्यांना ताण न देता, त्यांना जमेल तसं.

भरती_ओहोटी

निरोप मिळाला. दुपारी नकाशा काढून रेषा जुळवल्या. दोन बुरुजांच्या रेषा जिथे छेदतात ती जागा माझ्या दीड-दोनशे मीटरच्या गोलात, बरोबर दक्षिण कडेला येते. वहीतला रकाना भरला. खडपाचं नाव लिहिलं, आणि पुढे "माहिती:" म्हणून बाबांचं. चालेल ना त्यांना?

मालवणी_माहेर

चालेल म्हणाले. आणि सांगितलंय की पुढच्या खेपेला कपारीच्या डाव्या अंगाने खाली बघा, तिथे मोठ्यांची जोडी असायची.

भरती_ओहोटी

मार्चमध्ये जाते आहे. डावं अंग, खालच्या बाजूला. या वेळी टॉर्च नेते.